सतराव्या शतकातील फ्रान्स : राजसत्ता एकवटली कशी?



दिवसभराचा वैशाखी उकाडा सोसून संध्याकाळी एखाद्या विषयावरचे व्याख्यान ऐकावयास जमावयाचे, ही चाल न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केली. त्यांचे नाव आरंभीच घेण्याचे आणखीही एक कारण आहे. मराठी सत्तेच्या उत्कर्षावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०० साली प्रसिद्ध झाला. त्यात शिवछत्रपतींच्या मुलकी कारभारावर एक स्वतंत्र प्रकरण असून महाराजांची तुलना त्यांनी पहिल्या नेपोलियनशी केली आहे. ती रणांगणावरच्या पराक्रमासाठी नव्हे, तर संस्था उभारणारा पुरुष म्हणून. तुलना मार्मिक आहे. पण नेपोलियन पुष्कळ नंतरचा. महाराजांचा फ्रान्समधला खरा समकालीन म्हणजे चौदावा लुई. महाराजांचा जन्म १६३० चा, लुईचा १६३८ चा. १६६४ च्या जानेवारीत महाराजांनी सुरत लुटली. त्याच वर्षी लुईचा मंत्री कोल्बेर याने पॅरिसमध्ये ईस्ट इंडिया कंपनी काढली आणि १६६८ मध्ये त्या कंपनीची वखार सुरतेसच उघडली गेली. दोन्ही राज्ये एकाच काळातली होती आणि काही अंशी त्यांच्यापुढचे कोडेही एकच होते : मुलुख राजाचा म्हणावयाचा, पण गावोगाव सत्ता दुसऱ्याच्याच हाती, हे कसे मोडावयाचे?

आज आम्ही आपल्यापुढे फ्रान्सची कथा मांडणार आहोत. तीत लढाया थोड्या आणि जमाखर्च फार आहे. राज्ये तलवारीने मिळतात हे खरे. पण ती टिकतात की नाही हे बहुधा खतावणीत ठरते.

इ. स. १६०० च्या सुमारास फ्रान्सची लोकसंख्या दोन कोटींच्या आसपास होती. युरोपात एवढे मोठे राज्य दुसरे क्वचितच. पण 'राज्य' हा शब्द जपून वापरावयास हवा. कॅथलिक आणि ह्यूगनॉ म्हणजे प्रॉटेस्टंट, यांच्यातली यादवी १५६२ पासून १५९८ पर्यंत चालली होती. चौथ्या हेन्रीने नांतचा आज्ञालेख काढून ती मिटविली. पण मिटविताना ह्यूगनॉंना उपासनेच्या मोकळिकीबरोबर तटबंदीची गावेही द्यावी लागली. लांगदोक, ब्रिटनी, बर्गंडी अशा प्रांतांच्या स्वतःच्या सभा होत्या आणि कर किती द्यावयाचा याची घासाघीस त्या राजाशी करीत. दक्षिणेत एक कायदा, उत्तरेत दुसरा. गावोगाव वजने-मापे निराळी. सरदार आपापल्या गढ्यांत पदरी माणसे बाळगून असत. आणि मुख्य भूमिकर, ज्यास 'ताय' म्हणत, तो सरदारांना आणि धर्मोपाध्यायांना बहुतेक ठिकाणी माफ असल्याने सारा बोजा शेतकऱ्यावर पडे.

त्यात आणखी एक विलक्षण प्रकार होता. न्यायाधीश, खजिनदार, करवसुलीचे अधिकारी ही पदे राजा विकत असे. ज्याच्यापाशी पैसा त्याने पद घ्यावे. १६०४ साली हेन्रीने यावर कळस चढविला. पदाच्या किमतीचा साठावा हिस्सा दरसाल भरला की ते पद घराण्यात वारसाहक्काने चालावे, असा नियम त्याने केला. राजाला दरवर्षी बिनतक्रार उत्पन्न मिळू लागले. पण अधिकारी मात्र चाकर न राहता मालक झाला. आमच्याकडे या वस्तूस नेमका शब्द आहे : वतन. फरक इतकाच की आमचे वतन बहुधा सेवेबद्दल किंवा परंपरेने मिळे, फ्रान्समधले रोख मोजून घ्यावे लागे. ज्याने पद विकत घेतले त्यास राजा काढील कसा? काढावयाचे तर किंमत परत द्यावयास हवी, आणि ती तर केव्हाच खर्च झालेली.

१६१० मध्ये चौथ्या हेन्रीचा खून झाला. पुढे १६२४ मध्ये तेराव्या लुईच्या मंत्रिमंडळात कार्डिनल रिशल्यू आला. प्रकृतीने रोगट, बुद्धीने तल्लख आणि मनाने कठोर असा हा धर्माधिकारी अठरा वर्षे फ्रान्सचा कारभार पाहत होता. १६२६ मध्ये सरहद्दीवर नसलेल्या गढ्या आणि तटबंद्या पाडून टाकाव्यात असे फर्मान निघाले. त्याच वर्षी द्वंद्वयुद्धांवर कडक बंदी आली. सरदारांना ही बंदी म्हणजे आपल्या इभ्रतीवरचा घाला वाटे. मोंमोरान्सी-बूतव्हील नावाच्या उच्चकुलीन सरदाराने पॅरिसच्या भर चौकात मुद्दाम द्वंद्व खेळून ती मोडली. १६२७ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. इभ्रतीचा निवाडा यापुढे तलवारीने नव्हे, राजाच्या न्यायासनापुढे व्हावयाचा, हा त्याचा अर्थ.

मग ला रोशेलचा वेढा. हे ह्यूगनॉंचे बंदर वर्षाहून अधिक काळ झुंजले आणि १६२८ च्या ऑक्टोबरात शरण आले. वेढ्यापूर्वी तेथे पंचवीस हजारांवर वस्ती होती. शेवटी पाच-सहा हजार माणसे उरली. बाकीचे बहुतेक उपासमारीने गेले. तहात रिशल्यूने त्यांचे तट आणि फौजा काढून घेतल्या, पण उपासना तशीच ठेवली. 'तुमचा देव तुमच्यापाशी ठेवा, तोफा आमच्या स्वाधीन करा,' असा त्या तहाचा मथितार्थ सांगता येईल. पुढे चौदाव्या लुईला एवढे शहाणपण राहिले नाही, ते ओघाने येईलच.

पण तट पाडून कारभार चालत नाही. वतनदारांचे काय करावयाचे? रिशल्यूला त्यांची पदे रद्द करणे शक्य नव्हते, कारण १६३५ पासून स्पेनशी उघड युद्ध सुरू झाले होते आणि पैशाची गरज वाढतच होती. त्याने वतनदाराला हात न लावता त्याच्या शेजारी दुसरा माणूस बसविला. त्याचे नाव इंटेंडंट. पेशवाईतल्या शब्दांत बोलावयाचे तर वतनदाराच्या उशाशी कमाविसदार आणून बसविला. इंटेंडंटचे पद विकत मिळत नसे. राजाच्या लेखी हुकुमाने नेमणूक व्हावयाची आणि राजाच्या मर्जीने ती संपावयाची. न्याय, बंदोबस्त आणि वसुली या तिन्ही गोष्टींत लक्ष घालण्याचा त्यास अधिकार. खरी गंमत अशी की हे इंटेंडंट ज्या दरबारी वकिलांच्या वर्गातून निवडले जात, त्या वर्गातली पदेही विकतचीच होती! जुन्या व्यवस्थेचे लाकूड घेऊनच नवी व्यवस्था उभारली गेली.

याची किंमत शेतकऱ्याने मोजली. युद्धापायी कर भराभर वाढले. १६३९ मध्ये नॉर्मंडीत अनवाण्यांचे बंड म्हणून ओळखला जाणारा उठाव झाला. त्याचे निमित्त मीठ. फ्रान्समध्ये मिठावर कर होता, तो प्रांतागणिक निराळा होता, आणि काही प्रांतांत तर ठरावीक मीठ विकत घेण्याची सक्तीच होती. १९३० साल ज्यांनी ऐकून-वाचून तरी अनुभवले आहे त्यांना मिठावरच्या कराने माणसे का पेटतात हे सांगावयास नको. रिशल्यूने ते बंड सैन्य पाठवून मोडले.

१६४२ मध्ये रिशल्यू आणि १६४३ मध्ये तेरावा लुई मरण पावला. गादीवर आला तो पाच वर्षेही पूर्ण न झालेला बालक, चौदावा लुई. कारभार राजमाता ॲन आणि कार्डिनल माझारँ यांच्या हाती. दबलेले सगळे असंतोष १६४८ मध्ये एकदम वर आले. या पाच वर्षांच्या धामधुमीस फ्रोंद म्हणतात. ती सुरू केली पॅरिसच्या 'पार्लमाँ'ने. नावावरून गैरसमज होऊ नये. हे ब्रिटिश पार्लमेंट नव्हे, ते वरिष्ठ न्यायालय होते. राजाचे हुकूम त्याच्या दप्तरात नोंदले गेल्याखेरीज अमलात यावयाचे नाहीत, असा त्याचा दावा होता.

या न्यायाधीशांनी इतर न्यायमंडळांबरोबर बसून मागण्यांची यादी केली. इंटेंडंट काढून टाका. ताय कमी करा. कोणत्याही माणसास चोवीस तासांपेक्षा अधिक काळ चौकशीवाचून कोठडीत ठेवू नका. शेवटची मागणी ऐकून आपले मन प्रसन्न होते. नागरिकाच्या स्वातंत्र्याचा उच्चार तेथे आहे. पण त्याच मंडळींना आपली विकत घेतलेली पदे आणि त्यांचा वारसाहक्क सुरक्षित राहावयास हवा होता, आणि भांडणाची ठिणगी त्यावरूनच पडली होती. इतिहासात स्वातंत्र्य आणि स्वार्थ पुष्कळदा एकाच पालखीतून येतात. पालखी उचलणाऱ्यांनी आत कोण कोण बसले आहे ते पाहून घ्यावे.

दरबाराला तात्पुरते नमावे लागले. सरहद्दीचे प्रांत सोडून बाकीचे बहुतेक इंटेंडंट काढले गेले. पुढे चळवळीत बडे सरदार शिरले आणि तिची यादवी झाली. १६५१ च्या फेब्रुवारीत एका रात्री पॅरिसचा जमाव राजवाड्यात घुसला. राजा पळाला की काय हे त्यांना डोळ्यांनी पाहावयाचे होते. बारा वर्षांचा लुई बिछान्यात झोपेचे सोंग घेऊन पडला आणि लोक त्याच्या पलंगाजवळून पाहून गेले. १६५३ पर्यंत फ्रोंद विझली. लोक अराजकाला इतके विटले होते की कोणाची का होईना, एकाची सत्ता असावी, असे त्यांना वाटू लागले. एकवटलेल्या सत्तेला प्रजेची संमती बहुतेक वेळा अशा थकव्यातूनच मिळते.

९ मार्च १६६१ रोजी माझारँ वारला. यापुढे आपला मुख्य प्रधान आपणच, असे बावीस वर्षांच्या राजाने मंत्र्यांना सांगितले. दरबारी गालात हसले; चार दिवसांची हौस, असे त्यांना वाटले. ती हौस चौपन्न वर्षे टिकली. वरिष्ठ मंडळातून त्याने स्वतःच्या आईला, भावाला, राजवंशातल्या सरदारांना वगळले आणि तीन-चार मंत्री ठेवले. हे मंत्री मोठ्या तलवारबहाद्दर कुळांतले नव्हते. राजाने वर काढलेले, म्हणून राजाने खाली ढकलताच संपणारे. कोल्बेर तर रँस गावच्या व्यापारी घराण्यातला.

खजिन्याचा प्रमुख फुके याने ऑगस्ट १६६१ मध्ये आपल्या नव्या महालात राजाला अशी मेजवानी दिली की तिच्यापुढे राजवाडा फिका पडावा. तीन आठवड्यांनी त्याला अटक झाली. तीन वर्षे खटला चालला. न्यायाधीशांनी हद्दपारीची शिक्षा दिली. अपराध्याची शिक्षा राजा कमी करतो, ही जगाची रीत. येथे राजाने ती वाढवून जन्मठेप केली. सुधारणा करणारा राजा न्यायालयाला कोठपर्यंत मानतो याचा हा पहिला दाखला.

कोल्बेरने हिशेब मांडला तेव्हा प्रजेकडून गोळा होणाऱ्या रकमेपैकी निम्म्याहून अधिक खजिन्यापर्यंत पोचतच नाही असे दिसले. वाटेतले मक्तेदार, सावकार, पदांचे मालक तिचे धनी. त्याने जुनी खाती उकरून दंड बसविले, कर्जाचे व्याज छाटले, आणि आपण सरदार आहोत असे खोटे सांगून कर चुकविणाऱ्यांची कागदपत्रे तपासली. प्रत्यक्ष ताय थोडी कमीच केली. तरी सहा-सात वर्षांत निव्वळ उत्पन्न सुमारे दुप्पट झाले. राजासाठी खिशात मावतील अशा छोट्या वह्यांत तो जमाखर्च लिहून देत असे. विकलेल्या पदांची त्याने मोजदाद केली : सुमारे सेहेचाळीस हजार पदे, किंमत बेचाळीस कोटी लिव्रच्या घरात! सरकारच्या सबंध वर्षाच्या उत्पन्नाच्या कितीतरी पट ही रक्कम. ती परत करून पदे मोकळी करणे अशक्य होते. रोगाचे निदान झाले, पण औषध परवडत नव्हते.

जे शक्य होते ते मात्र झाले. १६६७ मध्ये दिवाणी कामकाजाचा, १६७० मध्ये फौजदारीचा आणि १६७३ मध्ये व्यापाराचा एकसूत्री कायदा आला. १६६७ मध्येच पॅरिसला स्वतंत्र पोलीस-प्रमुख मिळाला आणि रस्त्यांवर रात्रीचे कंदील लागले. १६६५ मध्ये ओव्हेर्न प्रांतात खास न्यायालय बसून सरदारांनी रयतेवर केलेल्या जुलमांची चौकशी झाली. बहुतेक आरोपी पळाले आणि शिक्षा त्यांच्या चित्रांना भोगाव्या लागल्या. तरी एका सरदाराचे मुंडके खरोखरच उडाले, आणि आपले गाऱ्हाणे ऐकणारा कोणी आहे हे शेतकऱ्याने पाहिले. १६६६ ते १६८१ या काळात भूमध्य समुद्राकडून तुलूझपर्यंत सुमारे दोनशे चाळीस किलोमीटरांचा कालवा झाला. फौजेत ल तेलिये आणि त्याचा मुलगा लूव्वा यांनी शिस्त, कोठारे आणि ज्येष्ठताक्रम आणला. पूर्वी सरदाराची असलेली पलटण आता राजाची झाली. १६७३ मध्ये पार्लमाँना ताकीद मिळाली : हुकूम आधी नोंदवा, तक्रार मागाहून करा. इंटेंडंट तर पूर्वीच परतले होते. आता ते प्रांतोप्रांती कायमचे झाले. १६८२ मध्ये दरबार व्हर्सायला गेला. ज्यांचे आजे राजाविरुद्ध फौजा उभारीत, ते सरदार आता राजा उठताना त्याचा सदरा कोणी पुढे करावयाचा यावरून चुरस करू लागले.

'राज्य म्हणजेच मी' हे वाक्य लुईच्या नावावर खपते. ते त्याने उच्चारल्याचा समकालीन पुरावा नाही. उलट मृत्युशय्येवर, मी जातो पण राज्य राहील, अशा अर्थाचे शब्द त्याच्या तोंडून निघाल्याची नोंद आहे. ते राज्य काय अवस्थेत राहिले, ते आता पाहू.

१६८३ मध्ये कोल्बेर मरण पावला. लोकांना त्याच्या करांचा इतका तिटकारा होता की प्रेताची विटंबना होईल या भीतीने त्याचे दफन रात्री करावे लागले. दोनच वर्षांनी लुईने नांतचा आज्ञालेख रद्द केला. एक राजा, एक कायदा, मग धर्मही एक, हे त्यामागचे तर्कट. दीड ते दोन लाख माणसे देश सोडून गेली. त्यांत कसबी विणकर होते, व्यापारी होते, सैनिक होते. हॉलंड, इंग्लंड आणि प्रशियाने त्यांना आनंदाने जागा दिली. कारभाराच्या एकसूत्रीपणातून मनांच्या एकसूत्रीपणाचा मोह कसा होतो, आणि तो केवढ्यास पडतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

मग युद्धे. फौजेचा आकडा साडेतीन लाखांच्या आसपास गेला. पैसा हवा, म्हणून कोल्बेरने ज्या रोगाचे निदान केले होते तोच पुन्हा पोसला गेला. १६९२ मध्ये शहरांच्या नगराध्यक्षांची पदे विकावयास काढली. पुष्कळ शहरांनी कर्ज काढून आपलेच नगराध्यक्षपद आपणच विकत घेतले! राजाने पद निर्माण करावे आणि देवाने ते घेणारा मूर्ख निर्माण करावा, असा विनोद अर्थमंत्री पोंशार्त्राँ करीत असे, अशी आख्यायिका आहे. १६९३-९४ च्या दुष्काळात तेरा लाखांच्या आसपास माणसे दगावली असा अंदाज आहे. १६९५ मध्ये सर्वांवर डोईपट्टी बसविली, सरदारांवरसुद्धा. पण हळूहळू बड्यांनी सवलती मिळवून तिचा भार खालीच सरकविला. मोठमोठे किल्ले बांधणारा सेनापती व्होबाँ याने देशभर हिंडून गरिबी पाहिली होती. १६०७ नव्हे, शंभर वर्षांनी, १७०७ मध्ये, सर्वांनी आपापल्या उत्पन्नाच्या प्रमाणात कर द्यावा असे पुस्तक त्याने छापले. ज्याने राज्याच्या सीमेवर तट उभारले त्याचे पुस्तक सरकारने जप्त केले. त्याच मार्चमध्ये तो वारला. १७१५ मध्ये लुई गेला तेव्हा राज्यावर दोनशे कोटी लिव्रहून अधिक कर्ज होते.

अलीकडच्या संशोधकांनी या चित्रात एक महत्त्वाची भर घातली आहे. विल्यम बीक या अमेरिकन इतिहासकाराने १९८५ मध्ये लांगदोक प्रांताचे हिशेब तपासून दाखविले, की राजाच्या नावाने वसूल होणाऱ्या कराचा मोठा वाटा त्याच प्रांतातल्या बड्या लोकांच्या पदरात परत पडत होता. म्हणजे लुईने सरदारांना मोडले असे म्हणण्यापेक्षा त्यांना भागीदार केले असे म्हणणे अधिक बरोबर. गढ्या गेल्या, पण माफी राहिली. तट पाडले, पण मिरास पडली नाही. राजाला ती पाडताच येत नव्हती, कारण त्याची स्वतःची गादी त्याच जन्मसिद्ध हक्काच्या तत्त्वावर उभी होती.

येथे आपल्या घराकडे क्षणभर वळू. देशमुख-देशपांड्यांनी बांधलेले हुडे-कोट महाराजांनी पाडविले, त्यांचे हक्क बांधून दिले आणि चाकरांना शक्यतो रोख वेतन दिले, असे सभासद सांगतो. किल्ल्यावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस अशा तिघांत अधिकार वाटलेला, म्हणजे एकट्याने फितूर होऊ नये. परंतु राजारामांच्या काळात, औरंगजेबाशी प्राणपणाने झुंजताना, माणसे धरून ठेवण्यासाठी वतने आणि सरंजाम पुन्हा द्यावे लागले. लुईच्या मृत्यूच्याच सुमारास सिद्ध झालेले अमात्यांचे 'आज्ञापत्र' वतनदारांविषयी जी चिंता व्यक्त करते ती वाचताना व्हर्सायच्या खजिनदाराची आठवण व्हावी. दोन्हीकडे युद्धाने सुधारणेचा घास घेतला.

मग ही मिरास मोडली कोणी? फ्रान्समध्ये ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री, राष्ट्रसभेने. सरदारांच्या करमाफ्या आणि विकतची पदे त्या एका बैठकीत रद्द करण्याचे ठरले. आमच्या मुंबई राज्यात परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली. १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलांची वंशपरंपरेची पदे गेली. हे काम लोकांनी निवडलेल्या विधिमंडळाने केले. राजा बलवान असूनही जे करू शकला नाही ते सभेने केले, कारण सभेला आपला हक्क जन्मावर सांगावा लागत नव्हता.

पण येथेच आनंदाने टाळ्या वाजवून उठू नये. १८५६ मध्ये तोकव्हिल या फ्रेंच विचारवंताने एक मर्मभेदक गोष्ट दाखवून दिली : क्रांतीने राजा काढला, पण राजाने उभारलेले केंद्रीकरण काढले नाही, उलट पुरे केले. १८०० मध्ये नेपोलियनने नेमलेला प्रीफेक्ट हा जुन्या इंटेंडंटचाच वारस. सत्ता एकवटण्याचे यंत्र एकदा तयार झाले की ते मालक बदलते, पण बहुधा मोडत नाही.

म्हणून कोणतेही सरकार सुधारणेच्या नावाने अधिकार आपल्या हाती गोळा करू लागले, की आपण तीन प्रश्न विचारावेत. गढी पडली, पण माफी गेली काय? कर वाढला, त्याचा हिशेब प्रजेपुढे येतो काय? आणि व्होबाँसारखा आपलाच माणूस खरे बोलला, तर त्याचे पुस्तक वाचले जाते की जप्त होते? लुईच्या फ्रान्समध्ये या तिन्ही प्रश्नांना उत्तर 'नाही' असे होते. ते बदलावयास आणखी पाऊणशे वर्षे आणि पुष्कळ रक्त लागले. हे प्रश्न वेळेवर विचारण्यास मात्र काहीच खर्च येत नाही. त्यासाठी जागे नागरिक तेवढे हवेत.